स्वभावाला औषध असतं का? व्यक्तिमत्त्व चाचणी आणि आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करताना लोक मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न आत खुर्चीवर बसून विचारलेले, काही बाहेर निघताना दाराची कडी धरून विचारलेले. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न बहुधा जास्त महत्त्वाचे असतात. उदाहरणांतली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत.

व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणजे परीक्षा का? नापास झालो तर?

नापास कुणीच होत नाही. समोर वाक्यं येतात: ‘मी ठरवलेली कामं वेळेवर करतो’, ‘मला लवकर राग येतो’. ती तुम्हाला किती लागू पडतात ते सांगायचं. उत्तरांची बेरीज करून ती तुमच्याच वयाच्या, तुमच्यासारख्या अनेकांच्या उत्तरांशी ताडून पाहतात. ही तुलना नसेल तर नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही. कुणी तुम्हाला ‘तुमचा राग ४२’ एवढंच सांगितलं, तर ‘कुणाच्या मानाने?’ असं जरूर विचारा.

मग त्यात मोजतात तरी काय?

आज संशोधनात सगळ्यात जास्त वापर आहे तो पाच घटकांच्या मांडणीचा. तिची सुरुवात शब्दकोशातून झाली. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८ हजार शब्द वेचून काढले. एकत्र जाणारे शब्द कोणते, हे पाहत पुढच्या संशोधकांनी अनेक दशकांत ते पाच गटांवर आणले.

पहिला घटक बहिर्मुखता. माणसांत गेलं की काहींना तरतरी येते, काही थकून घरी येतात. दुसरा नेटकेपणा: ठरवणं, लक्षात ठेवणं, धरलेलं तडीस नेणं. तिसरा जुळवून घेण्याची वृत्ती. चौथा नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा. आणि पाचवा भावनिक हळवेपणा, म्हणजे काळजी, चिडचिड, खिन्नता किती सहज मनात येते आणि किती वेळ मुक्काम करते. आरोग्याच्या दृष्टीने दुसरा आणि पाचवा हे दोन फार बोलके.

हे पाचही प्रत्येकात असतात, कमी किंवा जास्त. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी येतात.

एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. बहिर्मुखता मोजणाऱ्या परदेशी प्रश्नावलीत ‘मला पार्ट्यांना जायला आवडतं’ असलं वाक्य असतं. सत्तरीतल्या एखाद्या काकींनी त्यावर सरळ ‘नाही’ लिहिलं, तर कागदावर त्या अंतर्मुख ठरतील. पण ह्याच काकी जत्रेला दहा घरच्या पाहुण्यांचं करतात, फुगडीला सगळ्यांच्या पुढे असतात. म्हणून चाचणी घेणाऱ्याला आपलं गाव माहीत हवं.

चाचणीचा निकाल म्हणजे कौल समजायचा का?

हा प्रश्न एका आजोबांनी अगदी मनापासून विचारला होता, आणि तो मला फार योग्य वाटतो. देवाला पाकळ्या लावून कौल घेतला, की उजवी पडली किंवा डावी पडली, विषय तिथे मिटतो. माणूस तो निर्णय डोक्यावर घेऊन घरी जातो. चाचणीचा निकाल घेऊन असं घरी जायचं नसतं. त्यात शक्यता सांगितलेली असते, तीही हजारो लोकांच्या सरासरीवरून. ‘असा स्वभाव असलेल्यांत ही अडचण जास्त दिसते’ याचा अर्थ ‘तुम्हाला ती येणारच’ असा होत नाही. तिथून बोलणं सुरू व्हायला हवं: हे तुम्हाला पटतं का? घरी, कामावर हे कुठे दिसतं? काय जमलं तर बरं वाटेल?

निकालाचा कागद हातात देऊन कुणी पाच मिनिटांत वाटेला लावत असेल, तर तुमचं काम अर्धंच झालं आहे.

मोबाईलवर फुकट चाचणी दिली. निकाल अगदी तंतोतंत जुळला! मग खोटी कशी?

जुळल्यासारखं वाटणं फार सोपं असतं. अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या शिक्षकांनी १९४८ मध्ये वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं खास वर्णन’ म्हणून कागद दिला. वर्णन किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग उघड केलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली होती. ‘तुम्ही वरून शांत दिसता, पण आतून कधीकधी अस्वस्थ होता.’ हे कुणाला लागू पडत नाही?

चार अक्षरांचे सोळा गट पाडणारी चाचणी आपल्याकडे कॉलेजांत आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणात खूप चालते. तिची अडचण अशी की मधल्या माणसांना ती ओढून या किंवा त्या बाजूला बसवते. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा गट बदलतो. मित्रमंडळींत गप्पा मारायला ती ठीक आहे. तिच्यावरून लग्न, नोकरी किंवा उपचार ठरवू नका.

घरी कोंकणी, वाचन मराठी, शिक्षण इंग्रजी. चाचणी कुठल्या भाषेत द्यावी?

राग आला की तोंडातून जी भाषा निघते, तिच्या जितकं जवळ जाता येईल तितकं चांगलं.

एकदा पासष्टीच्या एका बाईंचा भावनिक हळवेपणाचा आकडा फारच वर आला. त्या तर समोर शांतपणे बसलेल्या. शंका आली म्हणून मी एकेक वाक्य घेऊन त्यांना विचारत गेले. ‘मी पुष्कळदा अस्वस्थ असते’ या वाक्यापुढे त्यांनी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली होती, पेन इतकं दाबून की कागदाला मागून उठाव आला होता. कारण विचारलं तर त्यांनी साडी थोडी वर घेऊन सुजलेला गुडघा दाखवला. ‘अस्वस्थ’ म्हणजे त्यांच्या लेखी तब्येत बरी नसणं. तशी तीनचार वाक्यं निघाली. त्या दिवशी त्यांना माझी गरज नव्हती, हाडांच्या डॉक्टरांची होती.

म्हणून वाक्य कळलं नाही तर अंदाजाने खूण करू नका. विचारा. भाषांतर केलेली चाचणी आपल्या लोकांवर तपासून पाहिलेली आहे का, हेही विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

चांगलं दिसावं म्हणून खोटी उत्तरं दिली तर कळतं का?

मोठ्या चाचण्यांत पुष्कळदा कळतं. मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी तयार केलेली एमएमपीआय ही चाचणी १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत ५६७ वाक्यं आहेत. त्यांत स्वतःला फार चांगलं दाखवणं, फार वाईट दाखवणं, न वाचताच खुणा करणं हे पकडणारी वेगळी मापं बसवलेली आहेत. लहान प्रश्नावल्यांत तशी सोय बहुधा नसते. पण उपचारासाठी आलेल्या माणसाने खोटं लिहून फसवायचं कुणाला?

शाईचे डाग दाखवतात ते? आणि हस्ताक्षरावरून स्वभाव?

डागांची चाचणी स्विस मनोविकारतज्ज्ञ हेर्मान रोर्शाक यांची. १९२१ सालची, दहा कार्डं. शिकलेल्या हातात तिचा काही बाबतींत उपयोग होतो, पण तिच्या एकटीच्या जोरावर निदान करू नये. हस्ताक्षराला पुराव्याचा आधार नाही. पैसे वाचवा.

स्वभावाचा आणि शरीराच्या आजाराचा संबंध येतो कसा?

सगळ्यात मोठी वाट रोजच्या सवयींची आहे, आणि तीच सगळ्यात कमी सांगितली जाते.

बॉग आणि रॉबर्ट्स यांनी २००४ मध्ये १९४ अभ्यास एकत्र करून पाहिले. नेटकेपणा जास्त असलेली माणसं सरासरीने तंबाखू कमी ओढतात, दारू कमी पितात, व्यायाम जास्त करतात, गाडी जपून चालवतात. आपल्या रस्त्यांवर हेल्मेट हँडलला अडकवून जाणारी मंडळी पाहिली की हे समजायला पुस्तक लागत नाही.

दुसरी वाट शरीरातल्या ताणाच्या यंत्रणेची. भीती किंवा राग आला की कॉर्टिसोल, ॲड्रेनलिन ही ताणाची हार्मोन्स वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो. प्रसंग संपला की सगळं खाली यायला हवं. ज्यांच्या मनात तो प्रसंग रात्री अकरा वाजताही चालूच असतो, त्यांची झोप जाते, आणि झोप गेली की बाकी सगळं बिघडायला लागतं. तिसरी वाट माणसांची. आजारपणात डॉक्टरकडे घेऊन जाणारं कुणी आहे का, हे बरंचसं आपण आधी लोकांशी कसे वागलो यावर ठरतं. आणि आजार झाल्यावर आपण काय करतो यातही स्वभाव येतोच: कुणी पहिल्याच दिवशी तपासून घेतो, कुणी वर्षभर ‘गॅस झालाय’ म्हणत राहतो.

डिचोलीकडचे एक गृहस्थ होते. खाणीच्या ट्रकवर आयुष्य गेलेलं, हसरे, चार लोकांत रमणारे. रक्तदाब काही केल्या ताब्यात येत नव्हता, औषधाचा डोस दोनदा वाढवलेला. त्यांची चाचणी झाली ती दुसऱ्याच कारणाने, पण नेटकेपणा खूप खाली दिसला म्हणून मी विचारलं, ‘गोळी कधी घेता?’ ते म्हणाले, ‘आठवली की.’ गोळ्या होत्या आतल्या खोलीत, कपाटावर, जुन्या पेटीच्या मागे. आता पन्नाशी उलटलेल्या माणसाला ‘शिस्त लावा’ सांगून काय होणार? त्यांच्या दिवसात चुकत नाही असं काय आहे ते आम्ही शोधलं. ते सापडलं: पोदेर, म्हणजे पाववाला. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की ते स्वतः उठून पाव घ्यायला दारात जात. तीस वर्षांत चुकलं नव्हतं. त्यांच्या पत्नीने पावाची पिशवी जिथे टांगलेली असते त्याच खिळ्याला गोळ्यांची छोटी डबी दोऱ्याने अडकवली. पिशवी काढायची तर आधी डबी हातात येणार. स्वभाव तोच राहिला, गोळी चुकायची थांबली. मग डॉक्टरांनी वाढवलेला डोस पुन्हा कमी केला.

चाचणीचा आरोग्याला खरा उपयोग होतो तो इथे. माणसाला बोल लावायला ती वापरू नये. त्याच्या स्वभावाला पेलेल अशी सोय करायला वापरावी.

रागीट, धावपळीच्या माणसाला हार्ट ॲटॅक येतोच ना?

‘टाइप ए’ हा शब्द तिथूनच आला. फ्रीडमन आणि रोझेनमन या सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी १९५९ मध्ये तो मांडला. सतत घाई, चढाओढ, अधीरपणा. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या ३,१५४ पुरुषांचा साडेआठ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा या स्वभावाच्यांत हृदयविकार जवळजवळ दुप्पट दिसला. जगभर तो शब्द पसरला.

पुढे मात्र अनेक अभ्यासांत ते टिकलं नाही. त्याच पुरुषांची माहिती घेऊन १९८८ मध्ये पाहिलं, तर झटका येऊन गेलेल्यांत टाइप ए माणसं उलट जास्त जगलेली दिसली. मधल्या काळात या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी मोठा पैसा पुरवला होता, हेही बाहेर आलं. दोष स्वभावाचा ठरला तर सिगरेट सुटते, हे त्यांचं गणित.

यातून एक गोष्ट शिल्लक राहिली, ती म्हणजे वैरभाव: लोक आपल्या वाईटावरच आहेत असं धरून चालणं, मनात डूख धरणं. याचा हृदयाशी संबंध पुष्कळ अभ्यासांत दिसतो. रागाच्या मोठ्या भडक्यानंतर दोन तास झटक्याची शक्यता वाढते, असंही दिसलं आहे. बेल्जियमच्या योहान डेनोलेट यांनी आणखी एक प्रकार सांगितला, ‘टाइप डी’: मन खिन्न, आणि ते कुणाला दाखवायचं नाही. तो मोजायला १४ वाक्यांची प्रश्नावली आहे. सुरुवातीचे निष्कर्ष फार ठळक होते, नंतरचे तितके नाहीत.

भरपूर काम करणं आणि पटपट चालणं हा आजार नाही. आणि स्वभाव कितीही शांत असला तरी रक्तदाब, साखर, तंबाखू यांचा हिशेब वेगळा द्यावाच लागतो.

दुःख मनात साठवून ठेवल्याने कॅन्सर होतो, असं म्हणतात.

नाही. याचं उत्तर मला सावकाश द्यायचं आहे.

माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला. भेटायला येणारी माणसं पलंगाशेजारी बसून म्हणायची, ‘तू कधी बोलली नाहीस, सगळं आतल्या आत ठेवलंस, त्याचंच हे.’ प्रेमानेच म्हणायची. एका इस्पितळात तर शिकलेल्या माणसाने तिला ‘पॉझिटिव्ह राहिला असता तर’ अशी सुरुवात केलेली मी ऐकली आहे. केमोने तोंड आलेलं, पेज गिळवत नव्हती, आणि ती मला विचारत होती, ‘बाय, खरंच गो मीच केलं का हे?’ मी तेव्हा कॉलेजात होते. मला उत्तर देता आलं नाही. आज येतं.

स्वीडन आणि फिनलंडमधल्या जवळजवळ ६० हजार लोकांचा अनेक वर्षं पाठपुरावा करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: बहिर्मुखता किंवा भावनिक हळवेपणा यांचा कॅन्सर होण्याशी किंवा त्यातून वाचण्याशी संबंध दिसला नाही. ‘कॅन्सरचा स्वभाव’ असतो असं ठासून सांगणाऱ्यांत ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांचं नाव मोठं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर २०१९ मध्ये त्यांच्याच किंग्ज कॉलेज लंडनने चौकशी केली आणि सहकाऱ्यासोबतचे त्यांचे २६ निबंध विश्वास ठेवण्यासारखे नाहीत, असं जाहीर केलं.

कुणाच्या घरी आजारी माणसाला भेटायला जाल तेव्हा हे वाक्य तोंडावर आलं तर गिळून टाका. पेज भरवा, पाय चेपा, नुसते बसा.

सतत हसतमुख राहिलं की आयुष्य वाढतं ना?

अमेरिकेतल्या १८० नन्सचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉन्व्हेंटमध्ये येताना, बाविशीच्या सुमारास, त्यांनी आपलं छोटं आत्मवृत्त लिहिलं होतं. ज्यांच्या लिहिण्यात आनंद, कृतज्ञता जास्त होती त्या सरासरीने बरीच वर्षं जास्त जगल्या. जेवण, राहणं, काम सगळ्यांचं सारखं, म्हणून हा अभ्यास मोलाचा. आपल्याकडे जुन्या कॉन्व्हेंटमधल्या नव्वदीच्या सिस्टर पाहिल्या की मला हमखास तो आठवतो.

पण दुसरी बाजूही ऐका. लुइस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातल्या सुमारे दीड हजार हुशार मुलांची नोंद ठेवली. १९९३ मध्ये त्यांची आयुष्यं तपासली तेव्हा लहानपणी नेटकी, जबाबदार असलेली मुलं जास्त जगलेली दिसली. लहानपणी फार आनंदी म्हणून नोंदलेली सरासरीने थोडी कमी जगली. ‘मला काही होत नाही’ असं धरून चालण्याची किंमत असावी. ओढून आणलेल्या हसण्याने मात्र कुणाचं आयुष्य वाढल्याचं मी वाचलेलं नाही.

मी फार काळजी करते. सगळे रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टर म्हणतात ‘तुमचा स्वभावच तसा’. मग छातीत धडधडतं ते काय?

धडधड खरीच असते. हळवेपणा जास्त असलेल्या माणसाला शरीरातल्या बारीकसारीक हालचाली जास्त जाणवतात, त्यांची भीती वाटते, भीतीने त्या आणखी वाढतात. नैराश्य आणि चिंताविकार यांच्याशी सगळ्यात घट्ट जोडलेला घटक हाच. म्हणून असा स्वभाव असलेल्यांनी झोप, भूक, रडू यांत दोन आठवडे बदल टिकला तर वाट पाहत बसू नये.

पण दोन गोष्टी. पहिली, ‘स्वभावच तसा’ हे शब्द तपासणीनंतर यावेत, आधी नव्हेत. थायरॉइड वाढलेलं असेल तर हुबेहूब चिंतेसारखीच लक्षणं दिसतात. काळजीखोर माणसालाही हार्ट ॲटॅक येतो. छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर स्वभावाचा विचार करत बसू नका, १०८ लावा.

दुसरी, काळजीची बाजूही घ्यायला हवी. ब्रिटनमधल्या तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात, ज्यांची तब्येत मुळात फारशी चांगली नव्हती अशांमध्ये हळवेपणा जास्त असलेल्यांचा मृत्यूचा धोका थोडा कमी दिसला. वेळेवर डॉक्टर गाठणं हे त्याचं एक कारण असू शकतं. काळजीला नेटकेपणाची जोड मिळाली तर ती तुम्हाला राखते.

वडील आयुष्यभर शांत. गेल्या काही महिन्यांत संशयी, चिडके झालेत. व्यक्तिमत्त्व चाचणी करूया?

आधी डॉक्टर. स्वभाव वर्षानुवर्षं साधारण तसाच असतो. उतारवयात अचानक बदलला तर शरीरात किंवा मेंदूत काहीतरी घडत असण्याची शक्यता धरायची. सोडियम कमी होणं, लघवीचा जंतुसंसर्ग, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, लहानसा पक्षाघात, औषधांचा परिणाम, स्मृतिभ्रंशाची सुरुवात. यांतल्या काही गोष्टी पूर्ण बऱ्या होतात. दिवसांत किंवा तासांत बदल झाला असेल तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

नैराश्यावर उपचार चालू आहेत. आत्ता चाचणी द्यावी का?

उपचाराला मदत म्हणून तज्ज्ञांनी सांगितली तर द्या. फक्त ‘हा माझा कायमचा स्वभाव’ असं समजू नका. मन खाली असताना उत्तरंही खाली जातात. बरं वाटल्यावर पुन्हा चाचणी घेतली की चित्र पुष्कळदा वेगळं दिसतं.

‘व्यक्तिमत्त्व विकार’ म्हणजे वेड का?

नाही. एखाद्याची विचार करण्याची, जवळच्यांशी वागण्याची घडणच अशी झालेली असते की तरुणपणापासून नाती, काम, स्वतःबद्दलची समज हे सगळं वारंवार मोडतं. ‘विकार’ तेव्हा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात प्रकारांच्या नावांपेक्षा तीव्रतेला महत्त्व दिलं आहे: सौम्य, मध्यम, तीव्र. मला हे पटतं, कारण नावाचा शिक्का लागला की घरची माणसं समोरच्याला पाहणं सोडून शिक्काच पाहू लागतात.

भावना क्षणात उसळणाऱ्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या तरुण मुलींना आपल्याकडे ‘नाटकं करते’ म्हणतात. ती नाटकं नसतात. त्यांच्यासाठी मार्शा लिनेहान यांनी तयार केलेली उपचारपद्धती आहे आणि तिने स्वतःला इजा करणं कमी होतं.

मुलगा आठवीत आहे, कुणाशी बोलत नाही. त्याची चाचणी?

लाजाळूपणा हा दोष नाही. न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस यांनी १९५६ पासून मुलांचा अभ्यास केला, त्यात ‘सावकाश रुळणारी’ मुलं असा एक प्रकारच सापडला. घाई केली नाही तर ती रुळतात. पूर्वी बोलायचा आणि आता बोलत नाही, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं, असं असेल तर मात्र दाखवा. दहावीनंतर शाखा निवडण्यासाठी घेतात ती अभिक्षमता चाचणी, ती वेगळी.

‘स्वभावाला औषध नाही’ म्हणतात. मग हे सगळं करून काय फायदा?

जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून दिसतं, की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांतला साधारण ४० ते ५० टक्के भाग अनुवंशाचा. उरलेला तेवढाच मोठा आहे. रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०७ अभ्यास एकत्र केले, तेव्हा सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांत स्वभावात मोजता येण्याजोगा फरक दिसला. सगळ्यात जास्त फरक भावनिक हळवेपणात. न उपचार घेताही वय वाढतं तशी बहुतेक माणसं थोडी निवळतात, थोडी जबाबदार होतात.

आणि हे बदल घडवायला परदेशात जायला नको. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ अबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा गोंयकार पॅरिसला गेला आणि तिथे त्याने सांगितलं, की संमोहनाची शक्ती करणाऱ्याच्या हातातल्या कसल्या चुंबकात नसते, ती ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात असते. त्याची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि भीतीने शब्द फुटेना. खाली बसलेल्या वडिलांनी हळूच म्हटलं, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ म्हणजे समोरची माणसं नुसती भाजी समज आणि काप. आणि तो घडाघडा बोलू लागला. गोष्ट आहे, पण भित्र्या मनाला योग्य वेळी योग्य शब्द मिळाला की काय होतं, हे तिच्यात बरोबर पकडलं आहे.

अलीकडचं उदाहरण हवं तर गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ संस्थेने केलेलं काम आहे. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना काही भेटींत छोट्या छोट्या कृतींकडे वळवलं: अंगणात फेरी मारणं, सुटलेलं भजन पुन्हा धरणं, बहिणीला फोन करणं. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा फायदा जास्त दिसला, आणि ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

निकाल कंपनीला किंवा विमेवाल्यांना कळेल का?

उपचारासाठी घेतलेली चाचणी गोपनीय असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये हे लिहिलं आहे, आणि कलम २५ नुसार आपली नोंद पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्याच कायद्याप्रमाणे आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं. नोकरीसाठी कंपनीने घेतलेली चाचणी मात्र कंपनीकडेच जाते. तारवावर, म्हणजे जहाजावर, किंवा कारखान्यात भरतीच्या वेळी प्रश्नावली समोर आली, तर ती कशासाठी आणि कोण पाहणार हे आधी विचारा. आजार शोधण्यासाठी केलेल्या चाचण्या नोकरी देण्यासाठी वापरणं मला अजिबात मान्य नाही.

गोव्यात कुठे जावं?

बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, सरकारी. जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी पणजीच्या आल्तिनोवर अबे फारिया यांच्या नावाचं इस्पितळ होतं, तीच. शेजारीच गोवा वैद्यकीय महाविद्यालय. खाजगीत जाणार असाल तर समोरची व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का ते विचारा. चांगला माणूस या प्रश्नाने रागावत नाही.

जीव नकोसा झाला असेल, तर चाचणी आणि वेळ ठरवणं बाजूला ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.

चाचणीला येताना काय आणायचं?

वाचायचा चष्मा, तो फार लोक विसरतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चिठ्ठी नसली तर पाकिटंच आणा. रात्री झोपून या, पोटभर खाऊन या, दीडदोन तास मोकळे ठेवा. घरचं कुणी सोबत आलं तर चालेल, पण खुणा करताना ते बाहेर बसतील.